हरभऱ्याच्या मुळावरची गाठ पाहिलीत का?



हरभऱ्याच्या मुळांवर बारीक गाठी दिसतात. कुणाला वाटतं, रोग पडला. पण हा रोग नव्हे, हा तर पिकाचा घरचा खत-कारखाना!

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे, पण पिकाला तो तसाच घेता येत नाही. या गाठींत रायझोबियम नावाचे, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात. पीक त्यांना साखर पुरवतं. ते हवेतला नत्र पिकाला लागू पडेल असा करून देतात. १८८८ साली बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने हे जिवाणू गाठींतून वेगळे काढले. आज त्यांची पाकिटे मिळतात.

पाकीट घेताना मुदत पाहा. हरभऱ्याला हरभऱ्याचेच जिवाणू हवेत. सोयाबीनचे चालत नाहीत. पाकीट उन्हात राहिलं तर जिवाणू मरतात आणि पैसे पाण्यात जातात.

लावण्याची रीत :

१. थोडा गूळ पाण्यात उकळा. द्रावण पूर्ण थंड होऊ द्या.
२. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम जिवाणू खत त्यात कालवा.
३. बियाण्यावर शिंपडून हलक्या हाताने चोळा. साल निघता कामा नये.
४. सावलीत सुकवा आणि लगेच पेरा.

बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी. जिवाणू सर्वांत शेवटी. हे बियाणे रासायनिक खतात मिसळू नका.

काम झालं की नाही, हे कसं ओळखायचं? पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने एक-दोन झाडे मातीसकट खणून काढा. उपटाल तर गाठी जमिनीतच तुटून राहतील. मुळे पाण्यात धुऊन गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग दिसला, तर जिवाणू कामावर आहेत. पांढरी किंवा हिरवट असेल, तर नत्र मिळत नाही. गाठ सहज सुटत नसेल आणि मूळच सुजलेलं असेल, तर ती सूत्रकृमीची असू शकते; कृषी सहाय्यकाला दाखवा.

गाठी चांगल्या असताना वर युरिया टाकू नका. आयता नत्र मिळाला की झाड गाठी कमी धरतं. म्हणजे पैसाही गेला आणि कारखानाही मंदावला.

काढणीला हरभरा उपटण्याऐवजी विळ्याने कापा. मुळे रानातच कुजू द्या. त्यांतला नत्र पुढच्या पिकाला कामी येईल.