मुलांच्या मेंदूतली गाठ रक्ततपासणीत कळते का? एका प्रकारात हो, बाकीत अजून नाही

बीड : लेकराचं डोकं रोज सकाळी दुखतं, उठल्या उठल्या उलटी होते, मग दिवसभर बरं असतं. घरी म्हणतात पित्त, फडावर म्हणतात ऊन लागलं. डोकं दुखणाऱ्या बहुतेक मुलांना गाठ नसते. पण हेच दोन-तीन आठवडे चाललं, किंवा चालताना तोल जायला लागला, डोळा तिरळा झाला, मान एका बाजूला कलली, तर स्कॅन करावाच लागतो.

तेवढ्यासाठी लांब जाण्यापेक्षा रक्त तपासून भागणार नाही का?

'जर्म सेल ट्यूमर' या एका प्रकारात रक्ताची खरोखर मदत होते. यातल्या काही गाठी एएफपी आणि बीटा-एचसीजी ही प्रथिनं सोडतात. आशाताईंकडच्या गरोदरपणाच्या पट्टीवर रेघ उमटते ती एचसीजीमुळेच. (पट्टीवर गाठ शोधायचा उद्योग मात्र कुणी करू नये.) रक्तात आणि पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात या प्रथिनांचं प्रमाण लॅबमध्ये मोजतात. स्कॅनमध्ये गाठ दिसली आणि आकडा ठरावीक मर्यादेच्या वर असला, तर गाठीचा तुकडा न काढताही उपचार सुरू करता येतात. औषध लागू पडलं की आकडा उतरतो. पुन्हा चढला, तर गाठ परतल्याची शंका घेतात.

यातही घोळ आहेत. तान्ह्या बाळात एएफपी मुळातच जास्त असतं. आणि याच जातीतल्या काही गाठी ही प्रथिनं सोडतच नाहीत, म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून सुटलो असं नाही. अशा काही मुलांना सारखी तहान लागते, लघवी खूप होते. साखर मात्र नॉर्मल निघते.

बाकीच्या गाठी रक्तात सहसा सापडत नाहीत, कारण मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये निसर्गानेच पडदा ठेवलाय. गाठीची प्रथिनं त्यातून फारच थोडी बाहेर येतात. म्हणून तिथे ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा तपासतात. लहान मेंदूतल्या 'मेड्युलोब्लास्टोमा'त बीटा-कॅटेनिन हे प्रथिन पेशीच्या केंद्रात जमलेलं दिसलं, तर मूल बरं होण्याची शक्यता बरीच चांगली असते. आयआयटी मुंबईत प्रा. संजीव श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेत ब्रेन ट्यूमरमधल्या प्रथिनांवर संशोधन चालू आहे. पण एका रक्ततपासणीत मेंदूतली कोणतीही गाठ पकडणारी चाचणी अजून आलेली नाही. कुणी तशी विकत असेल तर पैसे देऊ नयेत.

लक्षणं टिकून असतील तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभागात दाखवावं. पुढे मुंबईत टाटा मेमोरियल आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटावं. ऊसतोडीला गेलेल्यांनी पट्टा पडायची वाट न बघता जवळचा सरकारी दवाखाना गाठावा. जाताना मुलाच्या चालण्याचा आणि डोळ्यांचा व्हिडिओ मोबाईलवर काढावा, उलट्यांच्या तारखा लिहून न्याव्यात. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.