धंद्याची नाडी

वैद्य रोग्याच्या घरी येतो, तेव्हा प्रथम औषधाची पेटी उघडीत नाही. तो नाडी पाहतो, जीभ पाहतो, झोप कशी, भूक कशी याची चौकशी करतो, आणि मगच मात्रा उगाळावयास सांगतो. धंद्याच्या बाबतीत मात्र हा क्रम बहुधा उलटा झालेला आढळतो. विक्री मंदावली की मालक किंमत उतरवितो. तेवढ्याने भागले नाही की जाहिरात वाढवितो. आणि त्यानेही निभाव न लागल्यास नोकर कमी करतो. रोग कोणता, याचा शोध राहूनच जातो. मग सदैव गिऱ्हाइकांची रीघ असलेले एखादे दुकान अकस्मात बंद झालेले दिसते, आणि शेजारीपाजारी नशिबाला बोल लावतात. वस्तुतः त्या दुकानाच्या वह्यांत दुखण्याची लक्षणे कित्येक महिने आधीच उमटलेली असतात. ती वाचणारे कोणी नसते, इतकेच. ही लक्षणे वाचण्याच्या शास्त्राला व्यवसाय-विश्लेषण असे भारदस्त नाव आहे. नाव भारदस्त असले तरी त्यातील नित्याच्या उपयोगाची बहुतेक साधने शाळेतील त्रैराशिकापलीकडे जात नाहीत.

या विद्येचा एक जुना आणि बोधप्रद दाखला इंग्लंडातील आहे. जोसाया वेजवूड हा स्टॅफर्डशायर परगण्यातील कुंभार. त्याचा जन्म १७३० सालचा. अंगच्या कसबाने तो राणी शार्लटच्या भांड्यांचा कारागीर म्हणून मान्यता पावला आणि १७६९ मध्ये त्याने इट्रुरिया या नावाचा मोठा कारखाना उघडला. त्याच्या शोभेच्या कलशांवर सरदार-घराण्यांच्या उड्या पडत होत्या. पुढे १७७२ च्या जून महिन्यात लंडनमधील एक पेढी बुडाली, तिच्यामागोमाग इतरही पेढ्या कोसळल्या आणि पैशाची टंचाई सर्वत्र पसरली. मागणी घटली; तयार माल वखारीत साचू लागला. अशा वेळी दुसऱ्या एखाद्याने ग्रहशांती केली असती. वेजवूडने वह्या काढल्या आणि एकेका कलशास माती, मजुरी, जळण, साचे, भाडे, कारकुनी या प्रत्येक बाबीचा किती खर्च येतो, ते मांडावयास आरंभ केला.

या मांडणीतून दोन गोष्टी बाहेर आल्या. पहिली गोष्ट अप्रिय होती. कागदावरचा खर्च आणि प्रत्यक्षातला खर्च यांचा मेळ बसेना, आणि खोलात शिरता कारखान्याचा प्रमुख कारकूनच अफरातफर करीत असल्याचे उघडकीस आले. दुसरी गोष्ट अधिक मोलाची ठरली. साचे घडविणे, जागेचे भाडे, कारकुनांचा पगार इत्यादी खर्च कलश शंभर करा वा हजार करा, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आपल्या गतीने चालतच राहतात, हे त्याच्या ध्यानी आले. अर्थात जितके नग अधिक, तितका प्रत्येक नगावर पडणारा या खर्चाचा भार हलका. आजवर जे कलश केवळ महालांत शोभत होते, ते किंमत उतरवून मध्यम स्थितीतील लोकांना विकता येतील, या त्याच्या विचारास अशा रीतीने आकड्यांचा आधार मिळाला. त्या मंदीतून कारखाना तरला, आणि १७९५ मध्ये वेजवूड मरण पावला तेव्हा त्याने मोठी संपत्ती मागे ठेवली होती.

वेजवूडच्या या शोधातच विश्लेषणाचे पहिले साधन आहे: स्थिर खर्च आणि बदलता खर्च यांची फारकत. समजा, एका गृहिणीने चकल्या करून विकण्याचा व्यवसाय आरंभिला. जागेचे भाडे व मदतनिसाचा पगार मिळून महिना १२,००० रुपये. चकली विकली जावो वा न जावो, हा खर्च चुकत नाही. भाजणी, तेल, गॅस आणि पुडक्याची पिशवी यांस दर किलोमागे २५० रुपये पडतात आणि विक्रीचा दर आहे ४०० रुपये. म्हणजे प्रत्येक किलो १५० रुपये मागे ठेवतो. बारा हजारांस दीडशेने भागले असता ८० येतात. महिन्यास ८० किलो चकली खपली की नफाही नाही आणि तोटाही नाही. ६० किलो खपली तर ३,००० रुपयांची खोट. १०० किलो खपली तर ३,००० रुपयांचा लाभ. या ऐंशीच्या आकड्यास समतोलबिंदू म्हणतात. धंद्यात पाय टाकण्यापूर्वी ज्याने तो काढला नाही, त्याने खोली न पाहता विहिरीत उडी घेतली असे समजावे.

याच हिशेबाने किंमत उतरविण्याच्या मोहाची परीक्षा होते. शेजारच्या दुकानाशी स्पर्धा म्हणून त्या गृहिणीने दर ३५० केला, तर किलोमागे उरतात अवघे १०० रुपये, आणि समतोलबिंदू ८० वरून १२० किलोवर जातो. दर कमी केला आठव्या हिश्श्याने. परंतु केवळ जागच्या जागी उभे राहण्यासाठी खप दीडपट व्हावयास हवा. तेवढी मागणी गावात आहे काय आणि तेवढे तळण्याचे बळ घरात आहे काय, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून दर उतरविणे म्हणजे आपल्याच हाताने फांदी तोडणे होय. वेजवूडला जे साधले, ते त्याचा स्थिर खर्च मोठा होता आणि नवे गिऱ्हाईक वाट पाहत होते, म्हणून साधले.

दुसरे साधन भांडवलाच्या फेऱ्यांचे आहे. अमेरिकेतील ड्यू पाँ या दारूगोळा व रसायने बनविणाऱ्या कंपनीत डोनाल्डसन ब्राउन या अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते प्रचारात आणले. त्याचे सूत्र असे की, विक्रीवर शेकडा किती नफा उरतो आणि भांडवल वर्षात किती वेळा फिरते, या दोहोंचा गुणाकार म्हणजे भांडवलावरील खरा लाभ. उंची शालूंचा व्यापारी विक्रीवर शेकडा २० मिळवितो, परंतु त्याचे भांडवल वर्षात एकदाच फिरते. त्याचा लाभ शेकडा २०. कोपऱ्यावरचा वाणी शेकडा ४ वरच समाधान मानतो, परंतु त्याचे भांडवल वर्षात सहा वेळा फिरते. त्याचा लाभ शेकडा २४. दिसण्यात शालूवाला श्रीमंत, हिशेबात वाणी सरस. मात्र हाच वाणी उधारीवर माल देऊ लागला की फेऱ्या मंदावतात. उधारीचे पोते सव्वा हात रिते, ही म्हण या सूत्राचेच लौकिक रूप म्हणावयास हरकत नाही.

तिसरे साधन, कोठे लक्ष घालावे हे सांगणारे आहे. व्हिल्फ्रेदो पारेतो या इटालियन अर्थशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपत्तीच्या विषम वाटणीचा अभ्यास केला. पुढे जोसेफ ज्युरान या अमेरिकन तज्ज्ञाने तीच विषमता कारखान्यातील दोषांमध्येही आढळते असे दाखवून त्या नियमास पारेतोचे नाव दिले. हे नामकरण आपल्याच हातून झाले, पारेतोने एवढा व्यापक दावा केला नव्हता, अशी प्रांजळ कबुली ज्युरानने १९७५ मध्ये दिली. नियमाचा आशय साधा आहे: बहुसंख्य त्रास थोड्याच कारणांतून उद्भवतो. चकल्यांविषयी महिन्यात ४० तक्रारी आल्या असतील, तर त्या प्रकारवार मोजून उतरत्या क्रमाने लिहाव्यात. त्यांतील २२ तुटलेल्या चकल्यांच्या, ९ उशिरा पोचल्याच्या आणि उरलेल्या ९ निरनिराळ्या चार-पाच प्रकारांच्या निघाल्या, तर आधी पुडके सुधारावे. मीठ-मसाल्याचा विचार मागाहून.

कारण सापडले असे वाटले, तरी ते मूळ कारण असेलच असे नाही. त्याकरिता जपानातील टोयोटा कारखान्यात ‘का?’ हा प्रश्न पाच वेळा विचारण्याचा प्रघात पडला. तेथील ताइइची ओनो यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात याचे उदाहरण दिले आहे. यंत्र बंद पडले. का? भार अधिक होऊन फ्यूज उडाला. भार अधिक का झाला? धारव्यास पुरेसे वंगण मिळाले नाही. का मिळाले नाही? वंगणाचा पंप नीट ओढीत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. दांडा का झिजला? गाळणी नसल्याने धातूचा कीस आत शिरत होता. पहिल्याच उत्तरावर थांबणारा फ्यूज बदलतो आणि काही दिवसांनी पुन्हा बदलतो; पाचव्या उत्तरापर्यंत जाणारा गाळणी बसवितो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. उत्तर ‘अमक्याच्या आळसामुळे’ असे आले, तर शोध संपला असे मानू नये. त्या माणसास चूक करणे सुलभ का झाले, हा प्रश्न शिल्लकच असतो.

चौथे साधन मनाच्या अस्वस्थतेवरचा उतारा आहे. विक्री आज वाढली म्हणून हर्ष आणि उद्या घटली म्हणून खेद, अशा हेलकाव्यांत पुष्कळ मालकांची शक्ती व्यर्थ जाते. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील वॉल्टर शूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी आपल्या वरिष्ठांस एक टिपण दिले व त्यासोबत एक आलेख जोडला. मधोमध सरासरीची रेघ, तिच्या वर व खाली मर्यादेची एकेक रेघ आणि त्यांमध्ये रोजच्या मोजणीचे ठिपके, असे त्याचे स्वरूप. ठिपके मर्यादेच्या आत कोणताही विशेष क्रम न धरता हेलकावत असतील, तर तो त्या कामाचा स्वाभाविक चढउतार होय. प्रत्येक ठिपक्यामागे कारण शोधीत बसू नये. ठिपका रेघ ओलांडून गेला, तर मात्र काही विशेष घडले आहे, ते शोधावे. हेच शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात आले होते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पुढाकाराने हा दौरा घडला, आणि गुणवत्तेच्या संख्याशास्त्रीय नियंत्रणाची चळवळ या देशात रुजण्यास त्याचे साहाय्य झाले.

ही साधने शिकावयाची कशी? ग्रंथ उपयोगी पडतात, संगणकावरील कोष्टकेही गणित क्षणात करून देतात; परंतु अभ्यासाचा आरंभ रोजकीर्दीपासूनच व्हावयास हवा. एक महिनाभर प्रत्येक जमा व प्रत्येक खर्च त्याच दिवशी लिहावा. महिनाअखेर खर्चाचे स्थिर व बदलता असे दोन रकाने करावेत आणि समतोलबिंदू काढावा. दुसऱ्या महिन्यात येणे किती व मालसाठा किती ते पाहून भांडवलाचे फेरे मोजावेत. तिसऱ्या महिन्यात तक्रारी मोजाव्यात आणि सर्वांत मोठ्या तक्रारीस पाच वेळा ‘का?’ विचारावे. एका वेळी एकच साधन हाती घेतले तर ते अंगवळणी पडते. सर्व एकदम घेतली तर वह्या रंगतात आणि धंदा होता तेथेच राहतो. घरखर्चाच्या वहीवरही हा अभ्यास होण्यासारखा आहे.

या साधनांची मर्यादाही ओळखून असावे. ती आकड्यांवर चालतात, आणि आकडे माणसे लिहितात. घरच्या माणसाची मजुरी खर्चात धरलीच नाही, तर तोट्यातील धंदाही नफ्याचा दिसतो. वर सांगितलेल्या गृहिणीने पहाटेपासून तळणीपुढे घालविलेल्या तासांचे मोल हिशेबात कोठेच आलेले नाही. ते मोल म्हणून महिना ६,००० रुपये जरी धरले, तरी स्थिर खर्च १८,००० होतो आणि मूळच्या ४०० च्या दरानेच समतोलबिंदू ८० वरून १२० किलोवर जाऊन बसतो. शंभर किलो विकून ज्या घरात तीन हजारांचा लाभ मोजला जात होता, तेथे वास्तविक तीन हजारांची खोट होती, आणि ती एकट्या तिच्या श्रमांतून भरून निघत होती. वही उघडताना हा पहिला रकाना ज्याने प्रामाणिकपणे भरला, त्याला पुढील सर्व साधने खरे बोलतील.