पोफळीच्या विरीचं ताट

पोफळीची झावळी पिकली की ती आपणच सुटून खाली येते. एका झाडाच्या वर्षाला साधारण पाच ते सात पडतात आणि प्रत्येकीच्या बुडाशी विरी असते. विरी म्हणजे खोडाला वेढून बसलेला झावळीचा रुंद, चिवट भाग. आतून गुळगुळीत आणि पिवळसर, बाहेरून उभ्या शिरांचा. श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांपासून गोव्यातल्या कुळागरांपर्यंत तिचा उपयोग सगळ्यांना माहीत होता. पोरांना तिच्यात बसवून अंगणभर ओढायचं, झाडांच्या बुंध्याशी आच्छादन घालायचं आणि उरली तर न्हाणीघराच्या चुलीत सारायची. दक्षिण कन्नडमधले मजूर तिची टोपी करून डोक्यावर घालतात. आता त्याच विरीला तापलेल्या साच्यात दाबून ताटं, वाट्या आणि खाण्याची खोकी केली जातात. पोफळीखालच्या क्षेत्रात कर्नाटक देशात पहिला असल्यामुळे या धंद्याचं माहेरही तिकडेच आहे. कोकण-गोव्यात त्याचा विस्तार अजून बेताचा आहे.

हे काम बघायला लागलो की पहिल्यांदा जाणवतं ते त्याचं साधेपण. यात लगदा नाही, डिंक नाही, कसलं रसायन नाही. पडलेल्या विरी गोळा करायच्या, पात कापून टाकायची, उन्हात कडकडीत वाळवायच्या आणि पावसाळ्याआधी कोरड्या जागी रचून ठेवायच्या. हे शेवटचं काम चुकलं की वर्षाचा माल हातचा गेला. बागेत भिजून पडलेल्या विरीवर बुरशीचे काळे ठिपके उठतात आणि ते ब्रशनं घासून जात नाहीत. म्हणून कारखाना वर्षभर चालवायचा तर मोठी गोदामं लागतात. यंत्रापेक्षा छपरावरच जास्त पैसा जातो.

वाळलेली विरी साच्यात घालण्याआधी पाण्यात भिजवतात, घासून धुतात आणि उभी करून निथळू देतात. पुढचं सगळं या ओलाव्यावर ठरतं. विरी फार कोरडी राहिली तर साचा मिटताना तडकते. फार ओली राहिली तर ताट बाहेर आल्यावर हळूहळू पुन्हा उलगडू पाहतं आणि गठ्ठ्यात बुरशी धरतं. अनुभवी कामगार विरी दोन्ही हातांनी जरा वाकवून बघतो आणि ठरवतो. त्यासाठी त्याला मीटर लागत नाही.

यंत्रात धातूचा दोन भागांचा साचा असतो, आत हीटर आणि बाहेर तापमान धरून ठेवणारा थर्मोस्टॅट. दाब कुठे पायानं, कुठे हायड्रॉलिकनं. तापमान शंभर अंशांच्या पुढे ठेवलेलं असतं. साचा मिटला की विरीतलं पाणी वाफ होऊन कडांतून फुसफुसत बाहेर पडतं आणि भाजक्या पानाचा गोडसर वास सुटतो. उष्णता आणि ओलावा एकत्र आले की विरीतलं लिग्निन मऊ होतं, तंतू नव्या आकारात सरकतात आणि निवताना तिथेच बसतात. मिनिटभराच्या आसपास हे उरकतं. साचा उघडला की ताट तयार. बाहेर राहिलेली कड कापायची, पुन्हा वाळवायचं, काही ठिकाणी अतिनील दिव्याखालून काढायचं, की गठ्ठा बांधायचा.

आकार मात्र मनाला येईल तो काढता येत नाही. कागदाच्या किंवा उसाच्या चिपाडाच्या लगद्यात तंतू सगळ्या दिशांना पसरलेले असतात. विरीत ते एकाच दिशेनं, उभे धावतात. त्यामुळे खोल वाटी दाबायला गेलं की ती तंतूंच्या रेषेत फाटते. चौकोनी ताटाच्या कोपऱ्यात सुरकुत्या पडतात. म्हणून चांगला साचेकार भिंत उतरती ठेवतो, कोपरा गोल करतो आणि वाटीची खोली आवरती घेतो. ताट किती मोठं होणार हे विरीच्या रुंदीवर ठरतं. रुंद भागातून ताट, निमुळत्या टोकातून छोटी वाटी, अशी मांडणी बसवली की एका विरीतून दोन-तीन वस्तू निघतात. उरलेल्या कापांवर धिंगरी अळंबी वाढवता येते. साच्यांचे माप ठरवताना हा हिशेब आधी मांडणारा कारखानदार पुढे टिकतो, असं मला वाटतं. रेखाटन आधी करून विरी त्यात कोंबणाऱ्याच्या पदरी ढीगभर कचराच पडतो.

या धंद्याला वाव दिला तो कायद्यानं. महाराष्ट्रानं 23 मार्च 2018च्या अधिसूचनेनं थर्माकोलच्या आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या-वाट्यांवर बंदी आणली. 1 जुलै 2022 पासून देशभर तशी बंदी आली. मग बाजारात ‘इको’ म्हणून बरंच काही घुसलं. प्लास्टिकचा पातळ थर दिलेला कागदी पेला मातीत टाकला तर कागद कुजतो आणि थर राहतो. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून केलेलं पीएलए कुजतं खरं, पण त्याला मोठ्या कंपोस्ट कारखान्यातली साठेक अंशांची ऊब लागते. नगरपालिकेच्या कचरा डेपोवर ती मिळत नाही. विरी मात्र परसातल्या खड्ड्यातही कुजते. 2023 साली भारतीय मानक ब्युरोनं शेतीतल्या उपउत्पादनांपासून केलेल्या ताट-वाट्यांसाठी आयएस 18267 हे मानक काढलं. त्यात रसायनं, राळ आणि चिकटद्रव्यांना मनाई आहे, म्हणजे विरीची मूळची रीतच तिथे नियम झाली.

तरीही हॉटेलच्या पार्सलला विरी अजून पुरी पडत नाही. ताट पंगतीत फार छान. इडली, ढोकळा, भाकरी-भाजी ते झेलतं आणि तासाभराच्या जेवणात आमटीही गळत नाही. अडतं ते झाकणात. प्लास्टिकच्या डब्याचं झाकण टचकन बसतं, कारण त्याची कड अगदी मापात आणि लवचीक असते. प्रत्येक विरी वेगळ्या जाडीची असते, हवेतला ओलावा घेऊन जरा वाकते, आणि दोन कडा कधी तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून विरीचं खोकं कागदी पट्टीनं बांधावं लागतं आणि रस्सा त्यातून स्कूटरवर नेता येत नाही. मला यात अपयश दिसत नाही. कुजणाऱ्या वस्तूला तिची कामं नेमून द्यायला हवीत: कोरडं आणि निमओलं विरीत, रसदार पदार्थासाठी घरून आणलेला किंवा परत करायचा स्टीलचा डबा. सगळं एकाच वस्तूत कोंबण्याच्या हट्टापायीच आपण त्या थराच्या कागदापर्यंत पोचलो.

या ताटाबद्दलचा सगळ्यात अवघड प्रश्न मात्र रसायनाचा आहे आणि तो टाळून विरीचं कौतुक करणं मला पटत नाही. सुपारीत अरेकोलीन नावाचं अल्कलॉइड असतं. सुपारी चघळणं कर्करोगाला कारण होतं, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 सालीच नोंदवलं. विरी त्याच झाडाची. 2025 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं पोफळीच्या पानाची भांडी विकू नयेत असं विक्रेत्यांना कळवलं, कारण अशी अल्कलॉइडं त्यातून अन्नात उतरू शकतात. निर्यातीवर उभ्या असलेल्या कारखान्यांना त्याचा फटका बसला. परदेशी कट म्हणून हा विषय झटकून टाकणारी माणसं मला भेटतात. मला तो झटकावासा वाटत नाही. ‘नैसर्गिक’ एवढ्यावरून वस्तू निर्धोक ठरत नाही, आणि आपल्याच झाडाबद्दलची ही गोष्ट आपण आधी तपासायला हवी होती.

तपासायचं ते अगदी ठोस आहे. गरम आमटी, तेलकट भजी, आंबट ताक हे सगळं विरीच्या ताटात ठराविक वेळ ठेवून त्यात किती अरेकोलीन उतरतं, धुण्यानं आणि साच्यातल्या उष्णतेनं ते किती घटतं, कोवळ्या आणि पिकून पडलेल्या विरीत फरक किती. कासरगोडची केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्था आणि दापोलीचं कृषी विद्यापीठ दोघंही पोफळीवर पिढ्यान्पिढ्या काम करत आलेत. हे आकडे बागायतदाराला समजेल अशा भाषेत छापणं त्यांच्या आवाक्यातलं आहे. धुण्याची एखादी पायरी वाढवून ते प्रमाण खाली येत असेल, तर साच्यासारखीच तीही यंत्राचा भाग व्हायला हवी. येत नसेल, तर विरी सुक्या पदार्थांपुरती ठेवून रसाच्या वाट्या उसाच्या चिपाडाच्या किंवा फणसाच्या पानांच्या कराव्यात. हिरांनी टाचून अशा वाट्या लावणारे हात गोव्यात अजून आहेत. श्रीवर्धनच्या बागायतदाराला हा निकाल अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाइतकाच हवा आहे, कारण त्याच्या घरच्या कार्यालाही पंगत याच ताटांवर बसते.