आठ फुटी खोली आणि खर्ज

काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे 69 वेळा कंप पावते. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला एवढा खालचा स्वर जवळपास काढताच येत नाही. तरी मोबाइलवर तानपुरा लावून बसणाऱ्याला खर्ज ऐकू येतोच. त्या तारेतून 69 च्या पटीतले वरचे अनेक स्वरही निघत असतात. त्यांच्यातलं सारखं अंतर टिपून आपला मेंदू गैरहजर मूळ स्वर स्वतःच उभा करतो.

पण अशा खर्जाला वजन नसतं. गळा सुरात लावायला तो पुरतो. डग्ग्याचा घुमारा रेकॉर्डिंगमध्ये किती ठेवायचा, हे मात्र त्यावरून ठरवता येत नाही. दुसऱ्या टोकाला जवारी आहे. तार ज्या जागी छेडली, तिथे ज्या वरच्या स्वराचा स्थिर बिंदू असेल तो स्वर निघू नये, असा जुना नियम होता. तानपुऱ्यात तेही स्वर खणखणीत निघतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये दाखवलं आणि त्याचं श्रेय घोडीच्या बाकदार पृष्ठभागाला दिलं. ही झळाळी हजारो हर्ट्झपर्यंत जाते. म्हणून घरात गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आहे तर तानपुराही त्यालाच जोडू, हा विचार सोडून द्यावा. त्याचा स्पीकर साधारण 5,000 हर्ट्झच्या वर झपाट्याने मंदावतो. गिटारला ते शोभतं, पण जवारी त्यात विझून जाते.

समजा, पाच इंची वूफरचे चांगले मॉनिटर स्पीकर आणले. इथे खोली मध्ये पडते आणि दुकानदार नेमकं हेच सांगत नाहीत. 70 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ पाच मीटर, तिची निम्मी अडीच मीटर, म्हणजे आठ फूट. आपल्या फ्लॅटमधल्या कितीतरी खोल्यांची रुंदी एवढीच असते. समोरासमोरच्या भिंतींमध्ये हा स्वर अडकतो, भिंतीपाशी फुगतो आणि बरोबर मधोमध जवळपास नाहीसा होतो. एकच स्पीकर बाजूच्या भिंतीजवळ ठेवून त्यावर काळी एकचा खर्ज लावा आणि एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे चालत जा. पावलागणिक खर्ज बदलतो. खोलीच्या मध्यावर बसून मिक्सिंग करणारा माणूस खर्ज कमी आहे असं समजून तो वाढवतो आणि तेच रेकॉर्डिंग दुसऱ्याच्या घरी ढब्ब वाजतं.

यावर लोक भिंतींना पातळ फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवतात. पाच मीटरच्या तरंगाला बोटभर जाडीचा फोम जाणवतसुद्धा नाही. फक्त वरचे स्वर शोषले जातात आणि खोली आणखी कोंदट वाटू लागते. कापसाची जाड गादी, कपड्यांनी गच्च भरलेलं उघडं कपाट यांचा थोडा तरी उपयोग होतो. त्याहून जास्त उपयोग बैठक बदलण्याचा. मध्यावरून सरका, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. याला खर्चही नाही.

म्हणूनच लहान घरात राहणाऱ्याने पहिले पैसे हेडफोनवर खर्च करावेत, असं माझं ठाम मत आहे. हेडफोनला खोली नसते. मागून उघडा हेडफोन मोकळा वाजतो आणि तासन्‌तास ऐकायला चांगला, पण त्याचा आवाज बाहेर झिरपतो आणि गाताना माइकमध्ये शिरतो. रेकॉर्डिंगला बंद हेडफोनच हवा. मात्र दोन्ही कान झाकले की स्वतःचा आवाज हाडांतून घुमत येतो आणि सूर पारखणं अवघड जातं. अनेक गायक एक कान मोकळा ठेवतात. तसं करताना सुटलेली वाटी डोक्याला दाबून ठेवावी, म्हणजे त्यातला तानपुरा माइकपर्यंत पोहोचत नाही.

ब्लूटूथचा प्रश्न वेगळा. नुसत्या रियाजात लेहरा उशिरा पोहोचला तरी काही बिघडत नाही, तबलजी ऐकू येईल त्याच्यावर वाजवतो. रेकॉर्डिंगमध्ये मात्र तो उशीर कायमचा नोंदला जातो. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये तो 200 मिलिसेकंदांच्या आसपास असू शकतो. द्रुत तीनतालात मिनिटाला 240 मात्रा धरल्या, तर एक मात्रा 250 मिलिसेकंदांची होते. म्हणजे समेवरची थाप जवळजवळ पुढच्या मात्रेवर जाऊन पडते. इथे वायरच हवी.

वायरचा हेडफोन घेताना त्याचा रोधही पाहा. 250 ओहमचा स्टुडिओ हेडफोन मोबाइलवर बहुधा क्षीण वाजतो, त्याला ऑडिओ इंटरफेस किंवा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. 32 ओहमच्या आसपासचा सहसा थेट चालतो.

राहिला आवाज किती ठेवायचा हा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास ऐकणं सुरक्षित असतं. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 86 डेसिबलला मर्यादा उरते 10 तासांची. रोज दोन तास बसणारा विद्यार्थी ती पाच दिवसांतच गाठतो. गळा तापला की तानपुरा वाढवावासा वाटतो. त्याऐवजी सुरुवातीलाच तो इतका खाली ठेवा की मंद्र षड्ज हळू लावला तरी आपला आवाज वर राहील.