बंब अंगणात होता, गीझर न्हाणीत आला

मागच्या हिवाळ्यात ठाण्याजवळच्या दिवा पूर्वेला आमच्या काकूंकडे गॅस गीझर बसवायचा होता. वन रूम किचनची जागा आणि चार फूट बाय पाच फुटांचं बाथरूम. प्लंबरने बाथरूमच्या भिंतीवर पेन्सिलने खूण केली. "काकू, इथेच बसवतो. बाहेर लावला तर आठ-दहा फूट पाइप जास्त जाईल." काकूंना ते पटलं. मी मध्ये पडले आणि ती खूण पुसायला लावली. तेव्हा त्यांना उभ्या उभ्या जे सांगितलं, तेच इथे नीट सांगते.

गीझर पाण्याचा, म्हणून तो नळाजवळ, असा आपला हिशेब असतो. पण गॅस गीझर ही चूल आहे, आणि स्वयंपाकाच्या शेगडीपेक्षा बरीच मोठी. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर तासाला जवळपास एक किलो गॅस जाळतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण १२ ते १३ घनमीटर हवा लागते. काकूंच्या बाथरूमची उंची नऊ फूट धरली, तरी आत हवा मावते जेमतेम पाच घनमीटर. दार-खिडकी बंद असेल तर ही हवा पंचवीसेक मिनिटांच्या जाळापुरती. धोका तर त्याच्या बराच आधी सुरू होतो. प्राणवायू थोडा घटला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

सिलिंडर गळला तर नाकाला कळतं, कारण गॅसमध्ये मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. माणसाला वाटतं पित्त झालं असेल, आणि कडीपर्यंत हात जाण्याआधी तो खाली कोसळतो. करोनाच्या काळात घरोघरी आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे दगा देतं. विषारी वायू चिकटलेलं रक्तही त्याला प्राणवायूने भरलेलं वाटतं आणि आकडा चांगला दिसतो. म्हणून असा रुग्ण दवाखान्यात नेला, तर गॅस गीझर चालू होता हे डॉक्टरांना आधी सांगा.

जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत पंधरा वर्षांची मुलगी अशीच अंघोळीला गेली आणि वाचली नाही. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला रंग खेळून आलेलं जोडपं बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं, तेव्हाही पहिला संशय गीझरवरच गेला.

दिव्याची सकाळ मला यासाठी जास्त भिववते. लोकल गाठायची म्हणून पाच वाजल्यापासून अंघोळींची रांग लागते. पहिल्या माणसाला काही होत नाही, म्हणून घराला वाटतं सगळं ठीक आहे. तिसरा आत जातो तेव्हा बाथरूममधली हवा दोनदा वापरून झालेली असते. त्यात थंडी, आणि समोरच्या इमारतीतून दिसू नये म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांवर चिकटवलेला कागद.

आपल्या जुन्या घरांत तांब्याचा बंब असायचा. त्याच्या पोटात निखारे, वर धुराचं नळकांडं. तो अंगणात किंवा मागच्या पडवीत पेटायचा, आणि तापलेलं पाणी बादलीने न्हाणीत जायचं. कोकणातून दिव्यात आलेल्या कितीतरी कुटुंबांत हे पाहिलेली माणसं आजही आहेत. धूर दिसत होता, म्हणून बंबाची जागा बाहेर ठरली. गीझरचा धूर दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

गीझरची जागा बाथरूमबाहेरच हवी: उघडी गॅलरी, ड्राय बाल्कनी, नाहीतर वारा खेळता असलेली बाहेरची भिंत. पाण्याचा पाइप लांब गेला तर जाऊ द्या. पावसाची झड थेट बसू नये म्हणून वर पत्रा चालेल, पण गीझरला चारी बाजूंनी कपाटात कोंडू नका. सिलिंडर उभा आणि मोकळ्यावर असावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळला की जमिनीलगत साचतो, म्हणून झरोका खाली लागतो. एकाच सिलिंडरला जोड मारून शेगडी आणि गीझर दोन्ही चालवू नका.

खरी अडचण डक्टची, म्हणजे इमारतींमधल्या अरुंद पोकळीची आहे. दिव्यात कित्येक इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की या खिडकीतून त्या खिडकीत वाटी देता येईल. डक्टच्या भिंतीवर गीझर लावला की आपलं बाथरूम सुटतं, पण जळका वायू वरच्या किंवा समोरच्या घरात शिरू शकतो. अमेरिकेचा नामवंत टेनिसपटू व्हिटास गेरुलायटिस सप्टेंबर १९९४ मध्ये असाच गेला. तो झोपला होता त्या खोलीत गीझर नव्हताच. बाहेर पोहण्याच्या तलावाचं पाणी तापवणारं यंत्र होतं. त्याचा धुराचा पाइप आखूड बसवलेला, आणि तो वायू वातानुकूलनाच्या वाटेने खोलीत आला. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या घरांतही अनेकदा तळघरात घर ऊबदार ठेवणारी गॅसची भट्टी असते. बाहेरून हवा घेऊन धूर बाहेरच सोडणारी बंदिस्त बनावट नसेल, तर झोपण्याच्या खोलीत किंवा न्हाणीघरात ती बसवायला तिथले नियम सहसा मनाई करतात.

एक्झॉस्ट फॅन आहे ना, असं प्लंबरनेही विचारलं. दाराला खाली जाळी नसेल तर पंखा बाहेर फेकणार काय? आत येणारी हवा हवी, तरच जाणारी जाते. आणि वीज गेली की पंखा थांबतो, सेलवर पेटणारा गीझर चालूच राहतो.

ज्यांच्या घरी गीझर आधीच आत बसला आहे, त्यांनी तो हलवेपर्यंत दार-खिडकी सताड उघडी ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मग आत जावं. शॉवरखाली तो चालू ठेवू नये. कुणी आत कोसळलंच, तर दार उघडून गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि थेट रुग्णालय गाठा.

काकूंच्या मागच्या भिंतीसमोर हातभर अंतरावर शेजाऱ्यांची बाथरूमची खिडकी निघाली. म्हणून गीझर रस्त्याकडच्या गॅलरीत गेला, तुळशीच्या कुंडीपासून दूर. पाइप चौदा फूट लागला. पहिल्या दोन तांब्यांपुरतं पाणी गार येतं, ते काकू बादलीत धरून तुळशीला घालतात.