गेममधल्या मैत्रीची वही

पोरं मोबाईलवर गेम खेळता खेळता मधेच म्हणतात, "ती माझ्यावर नाराज झाली," नाहीतर "अजून दोन बदाम भरले की तो माझा पक्का दोस्त." कोण नाराज झाली, कसले बदाम, आपल्याला काही उमगत नाही. आज आम्ही पालमच्या मैत्रिणी तेच उलगडून सांगणार आहोत.

काही गेम बहुरूप्याच्या खेळासारखे असतात. खेळणारा सोंग घेतो, कधी शेतकऱ्याचं, कधी लढवय्याचं. भोवती गेममधलीच माणसं असतात आणि त्यांच्याशी नातं जमवायचं असतं. आता यंत्राला माया कशी कळणार? म्हणून गेम प्रत्येक नात्याची वही ठेवतो, आपल्या बचत गटाच्या वहीसारखी. फक्त तिथं पैशांऐवजी गुण जमा होतात.

'स्टारड्यू व्हॅली' हा गेम घ्या. अमेरिकेतल्या एरिक बॅरोन यांनी तो एकट्यानं बनवला आणि २०१६ साली तो बाजारात आला. त्यात आजोबांची पडीक शेती कसायची आणि गावकऱ्यांशी ओळख वाढवायची. कुणाशी रोज बोललं की २० गुण. अगदी आवडीची वस्तू भेट दिली की ८०. अगदी नावडती दिली तर ४० वजा. वाढदिवसाला भेटीचे गुण आठपट. एरवी एकाला आठवड्यात दोनच भेटी देता येतात. २५० गुण झाले की पत्त्यांतल्यासारखा एक बदाम भरतो. म्हणजे रोज नुसतं बोललं तरी तेराव्या दिवशी एक बदाम. बोलणं सोडलं की गुण हळूहळू घटतात. ठरावीक बदाम भरले की त्या माणसाची पुढची गोष्ट उघडते, त्याच्या मनातलं दुखणं कळतं.

त्या गावात पॅम नावाची बाई आणि तिची लेक पेनी राहतात. पॅमला बिअर दिली की ती एकदम खूष. तीच बिअर पेनीला दिली की गुण वजा. आईचं पिणं लेकीला सलतं. दारूपायी घराचं काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या काही गेममध्ये सोबती आपल्याबरोबर प्रवास करतात. बेल्जियममधल्या लॅरियन कंपनीचा २०२३ चा 'बॅल्डर्स गेट ३' तसा आहे. तिथले सोबती आपला प्रत्येक निर्णय बघत असतात. दुबळ्याला मदत केली की एकाला पटतं, दुसऱ्याला खटकतं. नाराजी फारच वाढली तर सोबती साथ सोडून निघून जातो.

यात पोरांना एक चांगली सवय लागू शकते: समोरच्याला काय आवडतं, काय खुपतं, याकडे लक्ष द्यायची. पण गेममध्ये ठरलेली भेट दिली की ठरलेले गुण मिळतातच. माणसांचं तसं नसतं. आपल्या गटाच्या वहीत पैशाचा हिशोब असतो, विश्वासाचा नसतो. सोयाबीन हातचं गेलं म्हणून एखादीचा हप्ता थकला आणि बाकीच्यांनी तिला सांभाळून घेतलं, तर त्याचे गुण कुणी मांडत नाही. हा फरक पोरांना आपणच सांगायला हवा.

आणखी एक गोष्ट पैशाची. स्टारड्यू एकदा विकत घेतला की झालं. पण फुकट मिळणाऱ्या काही गेममध्ये सोबत्याच्या भेटवस्तू किंवा नवे सोबती खऱ्या पैशांनी विकतात. सोबती खूष व्हावा म्हणून पोर खर्च करत जातं, आणि त्याच मोबाईलवर आपलं बँकेचं खातं असतं. म्हणून यूपीआयचा पिन पोरांना सांगू नका. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागेल असं करून घ्या. जमत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीची मदत घ्या.

आणि मोबाईल हिसकावण्याआधी पोरांजवळ बसून विचारा, "तुझा सोबती कोण? त्याला काय आवडतं?" पोरं भरभरून सांगतील. तेवढ्यात तुमचंही थोडं त्यांना सांगून घ्या.