सकाळी आंबट, संध्याकाळी कडवट

वसईच्या वाडीतला मोगरा कळीतच खुडतात आणि लोकलने दादरच्या फूलबाजारात पोचवतात. तिथून पुढे त्याचं आयुष्य तासांत मोजायचं. झाडाशी नातं तुटलं की पाणी येणं बंद होतं, पाकळ्यांतून बाष्प मात्र उडतच राहतं. म्हणून फूलवाला सारखे पाण्याचे हबके मारतो.

पण नवरीच्या बुकेत गुलाबांच्या मधोमध राखाडी-हिरवं, कमळासारखं काही दिसलं, तर त्यावर हबका मारू नये. ते फूल नव्हेच. ती मेक्सिकोच्या डोंगराळ मुलखातली एचेवेरिया, म्हणजे मुळं छाटलेलं अख्खं सक्युलंट. आणि ते जिवंत असतं.

मुळांवाचून ते तगतं कसं? याचा एक जुना धागा भारतातला आहे. मद्रास इलाख्यात काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाईन यांनी १८१३ सालच्या एका पत्रात पानफुटीची चव नोंदवली: सकाळी चुक्यासारखी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी कडवट. (आपण हा प्रयोग करू नये, पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात.) पानफुटी आणि एचेवेरिया एकाच कुळातल्या. बहुतेक झाडं पानांवरची सूक्ष्म छिद्रं दिवसा उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड घेता घेता पाणी गमावतात. ही मंडळी मुख्यतः रात्री, हवा गार झाल्यावर छिद्रं उघडतात. आत आलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठतो, म्हणून सकाळचा आंबटपणा. दिवसा दारं लावून, उन्हाच्या बळावर, त्याच साठ्यातून साखर तयार होते. थोडक्यात, रिसेप्शनला बँड सुरू होतो तेव्हा बुकेतलं हे रोप कामावर रुजू होत असतं.

बुके बांधणाऱ्याचे प्रश्न वेगळे. पानांत पाणी भरलेलं, त्यामुळे रोप जड, आणि देठ जेमतेम बोटभर. त्यातून तार आरपार ओवून, खाली पिळून, हिरवी टेप गुंडाळावी लागते. पानांवरची पांढुरकी भुकटी म्हणजे मेणाचा थर. बोट लागलं की ठसा उमटतो आणि त्या पानावर तो थर पुन्हा पहिल्यासारखा येत नाही. नवरीच्या मावश्यांना हे कोण सांगणार!

खरी अडचण वसईच्या हवेची. रात्र उकाड्याची असली की आम्ल नीट साठत नाही, आणि पावसाळ्यातल्या दमटपणात देठ कुजतो. म्हणून वसईतल्या ख्रिस्ती घरांतली, नाताळनंतर ईस्टरआधीच्या उपवासकाळापर्यंतची लग्नं त्यातल्या त्यात सोयीची.

लग्न उरकल्यावर तार हळूच काढायची, देठाचा जखमी भाग छाटायचा आणि रोप चार-पाच दिवस सावलीत नुसतं ठेवायचं. पाणी अजिबात नाही. कापलेल्या जागी बुचासारखी कोरडी खपली धरते. ती धरली की रेताड मातीवर टेकवायचं. काही आठवड्यांत खालचं एखादं पान सुरकुततं, आणि देठाशी गुलाबीसर मुळाचा दोरा दिसू लागतो.